कोबानची पाहुणी

नीलाकाकूंवर सूड उगवायचा, हे आसावरीने २००३ च्या दिवाळीत ठरवलं. ठरवलं तेव्हा ती शिकागोतल्या एका चर्चच्या तळघरात, मराठी मंडळाने भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, पुढ्यात श्रीखंड-पुरीचं ताट घेऊन बसली होती, आणि स्टेजवर तिची अनिका नऊवारीचा काष्टा सावरत नाचायला उभी राहत होती. सूड घ्यायचा म्हणजे माणसाने निदान उठावं तरी. आसावरी उठली नाही. तेवढं सोडलं तर तिच्या रागात काही खोट नव्हती.

हा सगळा राग जिच्यासाठी होता तिचं नाव एल्विरा चोक. ती ग्वाटेमालातल्या कोबान नावाच्या डोंगरातल्या शहरातली. आसावरीच्या सासूबाई, सुमित्राबाई, २००१ मध्ये नातीला बघायला म्हणून वाईहून आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात बर्फावर घसरून कंबर मोडून घेऊन बसल्या. उल्हास, म्हणजे आसावरीचा नवरा, कंप्युटरच्या नोकरीत सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. पदरी लहान पोर. म्हणून एल्विरा आली. ठेंगणी, रुंद चेहऱ्याची, कमरेपर्यंत जाड वेणी. सासूबाईंनी तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ही तर आपल्याकडचीच दिसते गं. कुठली, जावळीची?"

कोबानचा शोध लागला तो वेलदोड्यांमुळे. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेलं पाकीट आसावरीने एकदा टेबलावर ओतलं, सोलायला. समोर बसलेल्या एल्विराची बोटं आपोआप चालायला लागली. हिरवे एकीकडे, पिवळे एकीकडे, फुटके तिसरीकडे. बघता बघता तीन ढीग झाले. मग तिने पाकीट उलटं केलं. पुढे मोराचं चित्र होतं, आणि मागे, कुणी वाचू नये अशा बेताने, ग्वाटेमाला असं छापलेलं होतं.

"माझं गाव," एल्विरा इंग्रजीत म्हणाली.

त्यानंतर आसावरीला कोबान जवळजवळ पाठ झालं. वर्षाचे बरेच महिने तिथे पाऊस नाही आणि उघडीपही नाही, नुसती भुरभुर. तिला ते लोक चिपी-चिपी म्हणतात, आणि त्या भुरभुरीत कपडे वाळत नाहीत म्हणून बायका चुलीवर दोऱ्या बांधतात. कधी काळी जर्मन लोकांनी येऊन कॉफीचे मळे घातले, डोंगर आपल्या नावावर करून घेतले आणि ज्यांचे डोंगर होते त्यांना त्यावर मजुरीला ठेवलं. त्यांच्यातल्याच कुणीतरी वेलदोडा आणला. आता सगळं शहर वेलदोड्यावर जगतं. गावागावांतून लोक पोत्यांतून ओला माल पाठीवर घेऊन येतात, दलाल चौकात उभे राहून भाव पाडतात, लाकडाच्या भट्ट्या दिवसरात्र चालतात आणि गल्ल्यांतून त्या धुराचा गोड वास येत राहतो. एल्विराचा बाप भट्टीवर, आई निवडीच्या टेबलावर, आणि एल्विराही चौदाव्या वर्षापासून त्याच टेबलावर. माल तिथून जहाजाने अरबांकडे जायचा, थोडा शिकागोच्या मोराच्या पाकिटात.

"आणि तुम्ही कशात घालता?" आसावरीने विचारलं.

"कशातच नाही," एल्विरा म्हणाली. "आमच्या घरात कुणी खात नव्हतं. आम्हाला वाटायचं अरब त्याचं अत्तर करतात, नाहीतर कपडे रंगवतात."

वेलदोडा आयुष्यभर हाताळलेल्या त्या बाईने तो पहिल्यांदा चाखला तो आसावरीच्या स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या चहात. कप दोन्ही हातांत धरून तिने तो तळापर्यंत संपवला. मग म्हणाली, "यासाठी होय."

दोघींची, म्हणजे सासूबाईंची आणि तिची, भाषा एक नव्हती. सासूबाईंकडे मराठी, एल्विराकडे तिची केक्ची, स्पॅनिश आणि कामापुरतं इंग्रजी. पण म्हाताऱ्या माणसाला बोलायला कान लागतात आणि ते एल्विराकडे चांगले होते. दोन वर्षांत ती घरातलं मराठी शिकली. बस, ऊठ, पाणी दे, असू दे, जेव. सगळ्यात जास्त जेव. कारण एल्विरा शेजारी ताट घेऊन बसल्याशिवाय सासूबाई घास घ्यायच्या नाहीत. "तू जेव, मग मी," असा रोजचा हट्ट. उन्हाळ्यात त्या गेल्या, तेव्हा शेवटची आंघोळ एल्विरानेच घातली, आणि घालताना ती हळू आवाजात आपल्या भाषेत त्यांच्याशी बोलत होती. काय बोलत होती ते आसावरीने विचारलं नाही.

म्हणून त्या दिवाळीला आसावरीने तिला मंडळात बोलावलं. पाहुणी म्हणून. एल्विरा आली ती कोबानच्या सणाचे कपडे घालून: जाळीसारखं झिरझिरीत विणलेलं पांढरं उइपिल, म्हणजे त्यांचं सैल पोलकं, खाली भरपूर चुण्यांचा घागरा, गळ्यात चांदीची साखळी. जुलैत कोबानला मोठी जत्रा असते, सगळ्या गावांच्या मुली आपापल्या गावच्या विणीचे कपडे घालून येतात आणि त्यांच्यातून एक राणी निवडतात. तिथे दिसायला कशी आहे हे कुणी बघत नाही. आपल्या भाषेत कशी बोलते आणि कशी उभी राहते ते बघतात. एल्विरा तशीच उभी राहिली होती हॉलच्या दारात. आसावरीने तिला पंगतीत शेजारी बसवलं.

आणि नीलाकाकू आल्या.

नीलाकाकू म्हणजे मंडळ. त्यांचं श्रीखंड, त्यांच्या सूचना, त्यांचा माइक. त्या दिवशी हॉलवाल्यांनी भांड्यांसाठी एक मेक्सिकन बाई पाठवायची होती, ती आली नव्हती, म्हणून काकूंचा पारा आधीच चढलेला. त्यांनी एल्विराला पाहिलं आणि खांद्यावर टिचकी मारली. "यू आर लेट! किचन इज देअर. कम, कम."

"काकू, ती माझी पाहुणी आहे," आसावरी म्हणाली.

"अय्या, हो का?" काकू हसल्या. एल्विरा तोवर उभी राहिली होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, सिंककडे पाहिलं, आणि त्यांच्यातली व्यवस्थापक जागी झाली. "बरं, पण आता उठलीच आहे तर करेल ना थोडी मदत? तिला काय, सवय असेल." मग शेजारच्या बायकांकडे वळून, मराठीत, म्हणजे एल्विराला कळणार नाही अशा खात्रीने, "ह्यांना पंगतीत बसवलं ना, की डोक्यावर बसतात."

दोन-चार जणी हसल्या. तेवढ्यात गाणं सुरू झालं, अनिका स्टेजवर आली, आणि आसावरी ताटासमोर बसून राहिली. लेकीचा पहिला नाच होता. नाच संपला की उठायचं, असं तिने मनाशी म्हटलं. नाच संपला, टाळ्या झाल्या, मग फोटो. किचनमध्ये गेली तेव्हा एल्विराने उइपिलवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून सगळी पातेली घासून उपडी घातली होती.

परतताना गाडीत एल्विराने सीटबेल्ट लावला. मग तिने विचारलं, "ती बाई कोण?"

"नीला."

"नी-ला," एल्विरा म्हणाली. तिने ते परत एकदा म्हटलं. मग आपल्या डोक्यावर तळहात ठेवून दाखवला. "डोक्यावर. हे ना?"

आसावरीला गाडी कडेला घ्यावीशी वाटली, पण डेव्हनवर दिवाळीच्या गर्दीत गाडी कडेला घ्यायला जागा असते थोडीच! तिने एल्विराची माफी मागितली. एल्विरा म्हणाली, "असू दे." सासूबाईंच्याच सुरात.

असू दे म्हणे! आसावरीच्या अंगाचा तिळपापड झाला. एल्विराच्या वतीनेही तिला एकटीलाच चिडायचं होतं, आणि ते काम तिने मन लावून केलं. पहिली संधी आली ती २००५ च्या पाडव्याला. नीलाकाकू श्रीखंड वाढताना दरवर्षी सांगायच्या की माझी वेलची खास केरळची, दुसरी मी हातात धरत नाही. आसावरीने डेव्हनवरच्या दुकानदाराला गोड बोलून काकू कोणतं पाकीट नेतात ते काढून घेतलं. तेच. मोराचं. पाडव्याच्या दिवशी ते पाकीट पर्समधून काढून तिने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. "काकू, हे तर ग्वाटेमालाचं. एल्विराच्या गावचं. आठवते ना एल्विरा?"

काकूंनी चष्मा वर केला, पाकीट बघितलं आणि खो-खो हसल्या. "फसवलं की गं मेल्यांनी! जाऊ दे, वेलची ती वेलची. घे, अजून एक वाटी घे." सगळा हॉल हसला. आसावरीच्या वाटीत श्रीखंड पडलं, आणि ते चांगलं झालं होतं, ही आणखी एक चीड.

पुढे तिने काकू मंडळात बसवायच्या त्या नाटकाला जायचं बंद केलं, हळदीकुंकवाला टाळलं, फोन उचलेनाशी झाली. काकूंच्या ते ध्यानातही आलं नाही. ज्याला टाळायचं त्याला कळलंच नाही तर टाळणाऱ्याचेच हाल होतात. उल्हास म्हणायचा, "यार, तुझं अजून चालूच आहे? सोडून दे ना." नवरे हे असं म्हणतात. त्यांच्या खांद्यावर कुणी टिचकी मारलेली नसते.

एल्विरा मधल्या काळात दुसऱ्या घरी कामाला लागली होती, पण रविवारी यायची. चहा व्हायचा. कोबानच्या बातम्या यायच्या. वेलदोड्याचा भाव कोसळला होता, भावाने भट्टी बंद केली होती. चौकातल्या दलालांच्या जागी आता मोबाइलची दुकानं होती आणि शहराबाहेर मोठा मॉल झाला होता. तिची बहीण निवडीच्या टेबलावर बसायची, ती आता एल्विराने धाडलेले पैसे काढायला बँकेच्या रांगेत उभी राहायची. आमचं शहर आधी अरबांवर जगत होतं, आता आमच्यावर जगतं, असं एल्विरा म्हणायची. भाची जत्रेत राणीच्या स्पर्धेला उभी राहिली, तिच्या अंगावर एल्विराचं तेच पांढरं उइपिल होतं. त्या दिवाळीनंतर एल्विराने ते गावी पाठवून दिलं होतं. इथे कशाला, म्हणाली. हे ऐकलं तेव्हा नीलाकाकूंच्या खात्यात ते पाप आसावरीने आणखी एक म्हणून चढवलं.

आणि २००७ च्या थँक्सगिव्हिंगच्या थोडं आधी नीलाकाकूंचा फोन आला. अनिकाने उचलला, म्हणून आसावरीला घ्यावा लागला.

एकनाथकाकांना, म्हणजे काकूंच्या यजमानांना, अर्धांगाचा झटका आला होता. काका गरीब स्वभावाचे, मंडळात खुर्च्या मांडायचे आणि कुणी विचारलं तरच बोलायचे. त्यांना उठवायला, बसवायला, भरवायला माणूस हवं होतं. बायका आल्या आणि गेल्या. एकीला काकूंनी चपला काढायला लावल्या, दुसरीला फ्रिज उघडू दिला नाही, तिसरी दुपारीच निघून गेली. कुणीतरी म्हणालं, आसावरीच्या सासूबाईंना बघायची ती बाई बघा, तिच्यासारखी दुसरी नाही.

"काय बरं तिचं नाव?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज थकलेला होता. "आसावरी, तेवढं बघ गं. मला उचलवत नाहीत ते."

आसावरीला इतका आनंद झाला की तिची तिला लाज वाटली. मग थोड्या वेळाने लाजही वाटेनाशी झाली. ज्या बाईला पंगतीतून उठवलं तिच्याच पायाशी यायची वेळ आली होती. ती त्याच संध्याकाळी क्लार्क स्ट्रीटवर एल्विराच्या घरी गेली आणि सगळं सांगितलं. वर म्हणाली, "तू नाही म्हण. किंवा हो म्हण, पण आधी तिला माफी मागू दे. गुडघे टेकून मागू दे."

एल्विरा चिंचोळ्या स्वयंपाकघरात उभी राहून कोथिंबीर निवडत होती. "तिला रविवारी जेवायला आण," ती म्हणाली. "काकिक करते."

काकिक म्हणजे कोबानचं मानाचं जेवण: टर्कीचं लालभडक कालवण, भाजलेले टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, पुदिना घालून. लग्नाला, बारशाला, आणि फार मोठ्या पाहुण्याला करतात. आसावरी नाराजच झाली. या बाईच्या अंगात सूड म्हणून नाहीच, तिला वाटलं. देवमाणूस. आता आपल्यालाच बघावं लागणार.

रविवारी काकांपाशी उल्हासला बसवून तिने नीलाकाकूंना गाडीत घेतलं आणि सरळ विषयाला हात घातला. "काकू, तिथे गेल्यावर तिची माफी मागायची."

"कसली माफी?"

"२००३ ची दिवाळी. तुम्ही तिला पंगतीतून उठवून भांडी घासायला लावली होती."

नीलाकाकूंनी खरोखर आठवून पाहिलं. कपाळावर आठ्या घालून, प्रामाणिकपणे. "मी? नाही गं. असं झालं असेलही, एवढ्या कार्यक्रमांत काय काय होतं. मला बाई काही आठवत नाही."

आसावरीने स्टिअरिंग घट्ट धरलं. चार वर्षं तिने रात्रीचे दात खाल्ले होते, आणि जिच्या नावाने खाल्ले तिला त्या दिवसाचा पत्ताच नव्हता. नाकारलं असतं तर भांडता आलं असतं. आता कशाशी भांडायचं?

एल्विराने दार उघडलं. स्वच्छ टेबल, मधे झेंडूसारखी केशरी फुलं. तिने नीलाकाकूंना खिडकीपाशी, सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसवलं, आणि मातीच्या खोल वाडग्यात टर्कीची अख्खी तंगडी घालून वाडगा त्यांच्यासमोर ठेवला. पाहुण्याला सगळ्यात मोठा तुकडा, ही कोबानची रीत. काकूंना सामिष चालायचं. आधी त्या चमच्याने टोकत बसल्या, मग हाताने जेवल्या. घरात आजारी माणूस असलं की नीट जेवण कित्येक दिवस होत नाही, ते दिसत होतं. एल्विरा वाढत होती, म्हणत होती, "जेव. अजून जेव." काकूंनी तिच्याकडे चमकून पाहिलं.

"मराठी येतं हिला?"

"तेव्हाही येत होतं," आसावरी म्हणाली. काकूंचा हात वाडग्यात थांबला. पण माफीबिफी काही त्यांच्या तोंडून निघाली नाही. त्यांनी काकांच्या गोळ्यांची, व्हीलचेअरची, बाथरूममधल्या दांडीची माहिती दिली. एल्विराने ऐकून घेतली. जेवण झालं. टेबलावर लाल तेलाने माखलेले वाडगे, ताटं, चमचे, आणि ओट्यावर बुडाशी करपलेलं ते भलंमोठं पातेलं.

मग नीलाकाकूंनी तेच केलं, जे कुठलीही मराठी बाई दुसरीच्या घरी जेवल्यावर करते. खुर्ची किंचित मागे सारली, पदर सावरल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "द्या, मी घासून टाकते भांडी."

याला उत्तर ठरलेलं असतं. यजमानीण "छे छे, राहू द्या हो" म्हणते, पाहुणी "असं कसं" म्हणते, दोनदा ओढाताण होते, आणि पाहुणी खाली बसते. आजवर कुणाच्या घरी ही गोष्ट यापुढे गेलेली नाही. नीलाकाकू अर्ध्या उठून थांबल्या होत्या, थांबवलं जाण्याची वाट बघत.

"बरं," एल्विरा म्हणाली.

तिने दारामागचा एप्रन काढला. काकूंच्या मागे जाऊन त्याच्या नाड्या बांधल्या, नीट, घट्ट गाठ मारून. हातात घासणी दिली आणि पाण्याचा नळ सोडला. "ऊठ," ती म्हणाली. सासूबाईंनी शिकवलेल्या मराठीत अहो-जाहो नव्हतंच. "घास."

नीलाकाकूंनी आसावरीकडे पाहिलं. आसावरीने छताकडे पाहिलं. मग नीलाकाकू सिंकशी गेल्या. पहिला वाडगा, दुसरा वाडगा. टर्कीची चरबी गार पाण्याने जाता जात नाही. त्यांनी बाह्या वर सारल्या. मोठं पातेलं सिंकमध्ये उपडं करताना त्यांचे हात एकदम थांबले, आणि पाठ न वळवता त्या म्हणाल्या, "चर्चमध्ये होतो ना आपण? तळघरात. हिने पांढरं घातलं होतं."

पाणी वाहत राहिलं. नीलाकाकूंच्या खांद्यांकडे बघत आसावरी तो क्षण चाखत होती. चार वर्षांची भूक होती तिची. हे, असंच तर हवं होतं, आणि माफीपेक्षा हे किती तरी चांगलं होतं. तिने खुर्चीत पाय पसरले. एल्विराला तिने देवमाणूस म्हटलं होतं! या बाईने चार वर्षं एक अक्षर न बोलता हा दिवस जपून ठेवला होता. तिला उठून एल्विराला मिठी मारावीशी वाटली.

एल्विरा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात कोरडं फडकं होतं. ते तिने आसावरीपुढे धरलं.

"तू पुस."

"मी?" आसावरी हसली. मग तिला एल्विराचा चेहरा दिसला.

"तू पण होतीस," एल्विरा म्हणाली. "पुरी खात होतीस."

अनिकाचा नाच होता, असं आसावरीच्या ओठांवर आलं. पण तिने ते गिळलं, फडकं घेतलं आणि सिंकपाशी जाऊन उभी राहिली. नीलाकाकूंनी सरकून जागा केली. एक घासायची, एक पुसायची. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. पातेल्याचं बूड मात्र निघता निघेना, त्याला दोघींचे हात लागले.

मागे एल्विराने चहा टाकला. दोन वेलदोडे ठेचून घातले, फक्त एक कप गाळला, खिडकीपाशी त्या चांगल्या खुर्चीवर बसली आणि सावकाश पिऊ लागली. पातेलं उपडं घातल्याचा आवाज झाल्यावर ती म्हणाली, "सोमवारी आठ वाजता येते. त्याला उठवीन, आंघोळ घालीन, भरवीन. जेवायला टेबलावर बसेन. भांडी घासणार नाही."

"हो," नीलाकाकू म्हणाल्या. त्यांनी एप्रनची गाठ सोडायचा प्रयत्न केला, पण ओल्या बोटांना ती सुटेना, आणि ती शेवटी आसावरीला सोडवावी लागली.